धुतलेली जखम

"फेकायच्या आधी बघायचं," असं म्हणत मामा जखमेवरून काढलेली पट्टी चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात न्यायचे. आधी एका बाजूनं बघायचे, मग उलटी करून. एकदा नाकाजवळ न्यायचे आणि मगच पिवळ्या पिशवीत टाकायचे. नव्या नर्स मुली तोंड फिरवायच्या. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. जखम काल दिवसभर काय करत होती ते पट्टीला माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मामा आमच्या रुग्णालयात ड्रेसर होते. तुम्ही कधी जखम घेऊन दवाखान्यात राहिला असाल, तर असा माणूस तुम्ही पाहिलेला असणार. डॉक्टर येतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि निघून जातात. ड्रेसिंगच्या खोलीतला माणूस मात्र वीस मिनिटं तुमच्या पायाशी बसतो, आणि घरी गेल्यावर त्याचं नाव तुम्हाला आठवत नाही. इथं तर नावाचा प्रश्नच नव्हता. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचो. मी तेव्हा सर्जन होऊन नुकताच रुजू झालो होतो. दुर्मिळातल्या दुर्मीळ आजाराचं इंग्रजी नाव मला येत होतं आणि त्याची ऐटही होती.

उस्मानपुऱ्यातून सायकलवर ते साडेपाचलाच हजर व्हायचे. थंडीच्या दिवसांत आल्या आल्या सलाईनची बाटली काखेत धरून बसायचे. गार पाणी जखमेवर पडलं की माणूस दचकतो, म्हणून. चिकटलेली पट्टी त्यांनी ओढून काढलेली मी कधी पाहिली नाही. भिजवायचे आणि गप्पा मारत थांबायचे. मराठी माणसाशी मराठीत, खाला-चाचांशी दखनीत. "खाला, जरा सबर करो. पट्टीकू बी भिगने दो." खाला कळवळत असायची, आणि मामा तिला शहागंजच्या बाजारात काय स्वस्त झालंय ते सांगत असायचे.

जखमेवर कोणी काय लावलंय हे ते ओळखायचे. चितेगावच्या कंपनीतला एक कामगार पोटरीची चिघळलेली जखम घेऊन आला. "काहीच लावलं नाही," असं मला शपथेवर सांगून मोकळा झाला. मामांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "मंग ही पट्टी खोटं बोलती व्हय? मशीनचं ग्रीस लावलं, वरून चुना दाबला. सांग की, मी काय तुझा सासरा हाय लाजायला?" कामगार हसला आणि कबूल झाला. जाताना मामांना म्हणाला, तंबाखूचं मात्र तुम्हाला ओळखता आलं नाही. मामांनी कपाळावर हात मारला.

असा माणूस हाताशी असताना डॉक्टरनं खरं तर सुखी असायला हवं. मी नव्हतो. मला त्यांची ती खिडकी, तो चिमटा, तो वास घेणं गावठी वाटायचं. माझा स्वभाव तेव्हा तापट होता, आणि मी तापट आहे हे मला माहीत नव्हतं.

आमच्या वॉर्डाचा एक नियम होता. मोठे सर नऊला राउंड घ्यायचे आणि त्यांना घाण जखम खपत नसे. त्यामुळे मामा सहापासून साडेआठपर्यंत सगळ्या पट्ट्या काढून, जखमा आधी पेरॉक्साइडनं, मग बेटाडीननं धुऊन ठेवायचे. सर यायचे तेव्हा प्रत्येक जखम लालबुंद, ओली, नीटनेटकी. सर खूश, आम्ही खूश. आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं फक्त धुतलेल्या जखमा बघत होतो, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. न धुतलेली जखम बघणारा त्या इमारतीत एकच माणूस होता.

त्या वर्षी आमच्याकडे एक मेंढपाळ दाखल झाला. करमाडच्या पुढच्या एका वाडीचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, काटक, कमी बोलणारा. त्याचा उजवा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत सुजून टणक झाला होता आणि त्यावर सात-आठ भोकं होती. त्यांतून पाणी आणि पू यायचा. दुखत फारसं नव्हतं, म्हणून त्यानं चार वर्षं काढली. हाडाचा क्षय समजून कोणीतरी आठ महिने गोळ्या दिल्या होत्या, फरक शून्य. एक्स-रेमध्ये हाडं पोखरलेली. त्याला एकच विचारायचं असायचं, आणि तो ते रोज विचारायचा.

"साहेब, मेंढरामागं चालायला यील ना?"

मी म्हणायचो, बघू.

राउंड झाला की मी त्याच्या जखमेतून कापसाच्या काडीवर पू घ्यायचो आणि तपासायला पाठवायचो. तीनदा पाठवला. तिन्ही वेळा दोन दिवसांनी रिपोर्ट आला, 'जंतूंची वाढ नाही'. तुकडा काढून पाठवला, तर 'जुनाट सूज' एवढंच लिहून आलं. मी वैतागलो. चौथ्या खेपेला मामा शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, रागावू नका. धुतलेल्या पातेल्यात हात घालून काल काय कालवण व्हतं ते कसं कळंल? सहाला या. माझ्या आधी घ्या."

"मामा, तुम्ही तुमचं काम करा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पट्टीचा तुकडा कागदाच्या पुडीत बांधून आणला होता. "दाणे पडत्यात साहेब त्याच्या पायातून. रव्यासारखे. पिवळट. रोज पाच-सात तरी."

मी पुडी उघडून पाहिली. दाणे होते. "पू वाळला की असे कण होतात," मी म्हणालो.

"पू बोटात ईरघळतो. ह्ये ईरघळत नाय. मी हातमोज्यात चोळून बघितलं."

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगायला जड जातं. मदुरा पाय नावाचा आजार मी पुस्तकात वाचला होता. परीक्षेत त्यावर लिहून गुणही मिळवले होते. अनवाणी किंवा फाटक्या वहाणेनं चालणाऱ्याच्या पायात काटा रुततो, काट्याबरोबर मातीतला रोग आत जातो, आणि वर्षानुवर्षं आत मुरून भोकांवाटे दाणे बाहेर टाकतो. तो दोन प्रकारचा असतो. एक बुरशीचा, तो औषधाला सहजी दाद देत नाही. दुसरा जंतूंचा. ते जंतू इतके सुस्त की तपासणीच्या बशीत उगवायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. आमचा रिपोर्ट दोन दिवसांत हातात असायचा. पण ओळखू आले, तर काही महिन्यांच्या गोळ्या-इंजेक्शनांवर पाय बहुतेक वेळा राहतो. कुठला प्रकार ते कळायला दाणे हवेत. ते दाणे एक माणूस पुडी बांधून माझ्या हातात देत होता, आणि मी पुडी त्याला परत दिली. पुस्तकातला तो आजार मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि दहावीपर्यंत शिकलेला ड्रेसर मला तो दाखवेल हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. दुसरं काही कारण नाही. मी शोधून पाहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात मेंढपाळाला ताप भरला. सरांनी निर्णय घेतला: सोमवारी गुडघ्याखाली पाय काढायचा. मेंढपाळाला सांगितलं, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून झोपला आणि दिवसभर जेवला नाही. मामांनी त्या दिवशी त्याच्या पायाशी अर्धा तास काढला.

शनिवारी दुपारी मामा तिसऱ्यांदा आले. या वेळी त्यांनी इंजेक्शनची रिकामी बाटली उकळून घेतली होती. तिच्यात स्वच्छ सलाईन होतं आणि तळाशी वीस-पंचवीस दाणे. चार दिवस त्यांनी ते गोळा केले होते.

"साहेब, एवढं एक बघा. काय नाय निघालं तर परत बोलणार नाय. पाय काय, सोमवारी नाय तर गुरुवारी बी कापता यील."

हे म्हणताना त्यांनी हात जोडले होते. पंचविशी उलटलेल्या नोकरीत मामांनी कोणासमोर हात जोडल्याचं कोणी पाहिलं नसेल. मलाही ते कसंतरी वाटलं. "पाठवतो," मी म्हणालो आणि बाटली एप्रनच्या खिशात टाकली. प्रयोगशाळा शनिवारी दोनला बंद व्हायची, तेव्हा अडीच वाजले होते. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच, असं मी मनाशी ठरवलं. रविवारी एप्रन धुवायला गेला. सोमवारी मी नवा एप्रन घालून आलो, आणि साडेनऊला आम्ही मेंढपाळाचा पाय कापला. बाटली मला मंगळवारी आठवली.

कापलेला पाय तपासणीला जातो. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. मी तो व्हरांड्यात उभ्या उभ्याच वाचला. दाणे सापडले होते. मदुरा पाय, जंतूंच्या प्रकारचा. सरांनी वाचून "इंटरेस्टिंग केस" असं म्हटलं आणि कागद फायलीत लावला. औषधानं तो पाय वाचलाच असता, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. हाडं बरीच गेली होती. पण वाचण्याची शक्यता बरीच होती, आणि आम्ही त्याला ती संधी दिली नाही. मी दिली नाही.

मेंढपाळाला त्याच दिवशी घरी सोडायचं होतं. त्याची बायको गाठोडं बांधत होती. मी सुट्टीच्या कागदावर 'पायाचा जुनाट संसर्ग' असं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी निघताना मामांनी सायकल थांबवून विचारलं, "साहेब, त्या पायाचा रिपोर्ट आला म्हणं?"

"आला."

"काय निघालं?"

"काही विशेष नाही मामा. जुनाट सूज."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. संशयानं नव्हे. त्यांचा डॉक्टरच्या शब्दावर विश्वास होता, हीच तर अडचण होती. "असं व्हय," ते म्हणाले. "मंग पूच असंल त्यो. उगंच तुमचं डोकं खाल्लं मी."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्यानं काय होतं? पुढचे दोन महिने मी रोज पाहत होतो की काय होतं. मामा पट्टी काढायचे आणि सरळ पिशवीत टाकायचे. खिडकीकडं जाणं बंद झालं. एखाद्या नर्सनं विचारलंच, तर म्हणायचे, "बघून काय करायचं, आपल्याला काय कळतंय त्यातलं." काम तितकंच हळुवार होतं, सलाईन काखेत ऊब घेत होतं, गप्पाही चालू होत्या. पण एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा मी एका खोट्यानं काढून घेतला होता, आणि तो परत द्यायला मला दोन वाक्यं पुरली असती. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग. मग मामा निवृत्त झाले. आम्ही त्यांना शाल दिली. मी भाषणही केलं. चांगलं झालं म्हणे.

पुढं मी उस्मानपुऱ्यात स्वतःचा दवाखाना काढला. तिथं प्रत्येक पहिली पट्टी मी स्वतः सोडतो, धुण्याआधी, आणि उजेडात बघतो. मदुरा पायाचे दोन रुग्ण मला अशानंच सापडले. दोघांचे दाणे काढून लगेच पाठवले, बशी तीन आठवडे ठेवायला सांगितली, महिनोन्‌महिने औषध दिलं. दोघंही आपल्या पायांनी चालत येतात. त्यांतला दुसरा बरा होऊन पेढे घेऊन आला, त्या संध्याकाळी मला बसवेना. मामांचं घर दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. गेलो.

मामा दम्यानं खंगले होते. बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर बसून होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला आणखीच वाईट वाटलं. चहा झाला. मग मी सगळं सांगून टाकलं. बाटली, एप्रन, रिपोर्ट, खोटं. सांगताना रडलोही. आता मामा म्हणतील, जाऊ द्या साहेब, असं मला कुठंतरी वाटत होतं.

मामा तसं म्हणाले नाहीत. धापा टाकतच त्यांनी विचारलं,

"म्हंजे पाय ऱ्हायला असता?"

"बहुतेक."

"त्याला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला कामून सांगता साहेब? पाय काय माझा गेला?"

मामांचा आवाज चढलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला, तो त्या दिवशी. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी बी अजून एकदा बोलाया पायजे व्हतं. मोठ्या सरांकडं जाया पायजे व्हतं. हात जोडून गप बसलो." मी म्हणालो, मामा, तुमची यात काहीच चूक नाही. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळानं म्हणाले, "आपुन दोघं जाऊ. वाडी मला ठावं हाय, त्यानं सांगितली व्हती. या रविवारी?"

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणालो.

त्या रविवारी एका नातलगाचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी एक अपघाताची केस आली. नंतरच्या रविवारी काहीही आलं नाही, मी घरीच बसलो. मामांनी दोनदा नातवाच्या फोनवरून विचारलं, मग विचारायचं सोडलं. पावसाळा संपता संपता ते गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला मी मागच्या रांगेत बसून होतो. लोक त्यांच्या हाताच्या हलकेपणाबद्दल बोलले. त्यांच्या डोळ्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. ज्यानं ते बोलायला हवं होतं, तो माणूस मागच्या रांगेतून उठला नाही.

दोन महिन्यांनी मी एकटाच जालना रोडनं निघालो. करमाडच्या पुढं विचारत विचारत वाडी सापडली. मेंढपाळ घरासमोर खाटेवर बसला होता, शेजारी कुबडी. मेंढरं विकून टाकली होती. बायको मजुरीला जाते, तो जनावरांची दावी वळतो. त्यानं मला लगेच ओळखलं, म्हणाला, "या, धाकटं डॉक्टर." माझ्या हातात चहा दिला. मी कुठून सुरुवात करावी या विचारात होतो, तेवढ्यात तोच म्हणाला,

"तुमचा त्यो पट्टीवाला मामा बी यून गेला."

"कधी?"

"पावसाच्या आदूगर. यष्टीनं आला, फाट्यापासून चालत. दम लागला व्हता त्याला. मला म्हणला, तुझा पाय गोळ्यांनी ऱ्हायला असता. पट्टीवर दाणं दिसत व्हतं मला, पर म्या डाक्टरास्नी सांगितलंच नाय, माझ्याकडून ऱ्हाऊन गेलं. चूक माझी हाय, म्हणला, दुसऱ्या कुणाची नाय."

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. दाणे बाटलीत घालून माझ्या हातात दिले, हात जोडले. मीच पाठवले नाहीत. चूक माझी आहे. मामांची नाही."

वळत असलेलं दावं त्यानं खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. वाटेकडं बघत होता.

"लई वंगाळ बोललो म्या त्याला," तो म्हणाला. "आईबहिणीवरून बोललो. कुबडी उगारली. त्यो हुबाच. खाली मान घालून समदं ऐकून घेतलं. बायको पाणी घिऊन आली, तर तिला बी म्या माघारी लावलं. तसाच गेला फाट्याकडं, उन्हातानात." त्यानं कुबडी ओढून घेतली आणि तिच्यावर भार देऊन उभा राहिला. "शहरात कुठं ऱ्हातो त्यो? मला घिऊन चला. आत्ता चला, तुमची गाडी हाय ना? पाय धरतो त्याचं."

मागं मी ज्या ज्या वेळी बोलायला हवं होतं, त्या प्रत्येक वेळी मी थांबलो होतो. आता थांबायलाही काही उरलं नव्हतं.

"मामा गेले," मी म्हणालो. "दोन महिने झाले."

तो तसाच कुबडीवर उभा राहिला. मग हळूहळू खाली खाटेवर बसला.

"मंग आता म्या कुणाचं पाय धरू?" त्यानं मला विचारलं.